बारा वर्षांनंतरचा पहिला स्वर

१९६५ च्या एप्रिलमध्ये एका रात्री न्यूयॉर्कच्या ५७ व्या रस्त्यावर, कार्नेगी हॉलच्या भिंतीला लागून माणसांची रांग उभी राहिली. तिकिटाची खिडकी सकाळी उघडणार होती. रात्र फुटपाथवर काढायची तयारी ठेवूनच लोक आले होते. रांगेतल्या मंडळींसाठी गरम कॉफी आली, ती पाठवली होती वांडा होरोविट्झ यांनी. थोर वाद्यवृंद-संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांच्या त्या कन्या, आणि ही रांग ज्यांच्यासाठी लागली होती त्या व्लादिमीर होरोविट्झ यांच्या पत्नी.

होरोविट्झ यांनी याच सभागृहात शेवटचं वाजवलं होतं ते २५ फेब्रुवारी १९५३ रोजी. त्यानंतर पोटाचं दुखणं, सततच्या प्रवासाचा शीण आणि मनाची घालमेल यांनी त्यांना असं घेरलं, की ते मंचावर आलेच नाहीत. एक वर्ष गेलं, दोन गेली, बघता बघता बारा वर्षं उलटली. ते वाजवायचे, पण घरी. ध्वनिमुद्रणाची यंत्रं त्यांच्या घरी नेली जात आणि नव्या तबकड्या बाजारात येत. म्हणजे त्यांचा पियानो ऐकू येत होता, वाजवणारा माणूस मात्र दिसत नव्हता. पंचविशीच्या आतल्या विद्यार्थ्यांनी तर त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्यासाठी होरोविट्झ म्हणजे काळ्या तबकडीवर फिरणारी सुई.

९ मे १९६५, रविवार, दुपारी साडेतीनची वेळ. ६१ वर्षांचे होरोविट्झ मंचावर आले तेव्हा सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या ओसरल्यावर ते बसले आणि त्यांनी सुरुवात केली बाखच्या एका ऑर्गन-रचनेने, बुसोनीने पियानोसाठी बांधलेल्या रूपात. पहिल्याच काही क्षणांत बोटं चुकली. भलते स्वर वाजले, आणि ते ऐकू आले नाहीत असा माणूस त्या सभागृहात बहुधा नसेल.

मैफल तिथे कोसळली नाही. होरोविट्झ थांबले नाहीत, वाजवत राहिले आणि हळूहळू हात आपल्या जागी आले. शूमानची फँटसी झाली, स्क्रियाबिन झाला, शोपँचा बॅलड झाला. पण तो पहिला चुकलेला स्वर तेवढा लक्षात ठेवायला हवा. या प्रकरणाच्या शेवटी त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

आवडता कलावंत बऱ्याच वर्षांनी समोर येतो तेव्हा ऐकणारा रिकाम्या कानांनी बसलेला नसतो. मधल्या काळात त्याच्याकडे तबकडी असते, कॅसेट असते, आता फोनमध्ये सगळंच असतं. तेच गाणं त्याने शंभरदा, पाचशेदा ऐकलेलं असतं. गायकाने श्वास कुठे घेतला, तबला कुठे किंचित पुढे सरकला, दुसऱ्या कडव्याआधी किती वेळ शांतता आहे, हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं असतं. पौगंडावस्थेत आणि ऐन तारुण्यात ऐकलेलं संगीत माणसाच्या स्मरणात सर्वांत पक्कं बसतं, असं स्मृतीच्या अभ्यासातून वारंवार दिसून आलं आहे. चाळिशीतला माणूस विशीत भेटलेल्या गायकाला ऐकायला जातो, तेव्हा तो आपल्या आयुष्याचा एक अख्खा तुकडा बरोबर घेऊन खुर्चीत बसतो.

हे मुरणं शरीरात नेमकं काय करतं, याचा एक सुंदर प्रयोग कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात, मॅकगिल विद्यापीठात झाला. व्हॅलोरी सॅलिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. आवडतं संगीत ऐकताना ज्यांच्या अंगावर हमखास काटा येतो, अशी माणसं त्यांनी निवडली, आणि काटा आणणारं संगीत ज्याचं त्याने आणायचं असं ठरलं. ते ऐकताना मेंदूत डोपामीन हे रसायन कुठे आणि केव्हा स्रवतं, हे त्यांनी यंत्रांच्या साहाय्याने पाहिलं. अंगावर काटा येतो त्या क्षणी डोपामीन स्रवतंच. पण त्याच्या काही सेकंद आधी, आता ती जागा येणार या वाट पाहण्यातही ते स्रवतं, आणि तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. वाट पाहण्याचं सुख आणि मिळण्याचं सुख अशी दोन निराळी खाती मेंदूने ठेवली आहेत.

आपल्या रसिकांना हे यंत्राशिवायही ठाऊक आहे. समेच्या आधीच माना हलायला लागतात. कुठली लकेर येणार हे माहीत असतं म्हणूनच जीव तिच्यापाशी अडकून बसतो, आणि ती आली की 'वा' आपोआप निघते. आता हीच वाट दोन मात्रांऐवजी बारा वर्षं पाहिली, तर काय होईल? ते मोजायला प्रयोगशाळा नाही. पण ५७ व्या रस्त्यावरच्या त्या रांगेने त्याचा अंदाज नक्की दिला होता.

इथेच एक अडचणही आहे. वाट पाहणारा ज्या आवाजाची वाट पाहतो, तो तबकडीतला असतो. तबकडी म्हातारी होत नाही. येणारा माणूस मात्र झालेला असतो. वयाबरोबर स्वरतंतू आणि त्यांचे स्नायू बदलतात, दमसास कमी होतो. बायकांचा आवाज उतारवयात खाली येतो, म्हणून अनेक गायक-गायिका जुनी गाणी एखाददोन सुरांनी पट्टी उतरवून गातात. मग परतणाऱ्या कलावंताने काय करावं? आपल्याच जुन्या तबकडीशी स्पर्धा करावी, की ऐकणाऱ्याच्या हातातून ती अलगद काढून घ्यावी?

ब्रिटिश गायिका केट बुश यांनी ती काढूनच घेतली. १९७९ च्या वसंतात त्यांनी आपला पहिला दौरा केला. गाताना नाचता यावं, हात मोकळे राहावेत म्हणून तारेच्या हँगरपासून डोक्यावर बसणारा माइक तयार केला होता, इतका तो दौरा नव्या कल्पनांनी भरलेला होता. मे महिन्यात लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये तो संपला आणि त्यानंतर ३५ वर्षं त्यांनी पूर्ण मैफल केली नाही. गाणी येत राहिली, मैफल नाही. २०१४ मध्ये त्यांनी त्याच सभागृहात परतण्याची घोषणा केली तेव्हा तिकिटं पंधरा मिनिटांच्या आसपास संपली. २६ ऑगस्ट ते १ ऑक्टोबर या काळात २२ प्रयोग झाले.

वयाच्या १९ व्या वर्षी ज्या गाण्याने त्यांना इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर नेलं, ते 'वदरिंग हाइट्स' त्या २२ पैकी एकाही रात्री त्यांनी गायलं नाही. पहिल्या चार अल्बममधलं एकही गाणं घेतलं नाही. त्याऐवजी १९८५ च्या अल्बमची दुसरी बाजू, समुद्रात एकट्या तरंगत राहिलेल्या बाईची सलग कथा, त्यांनी प्रथमच संपूर्ण मंचावर उभी केली. शिवाय प्रेक्षकांना आधीच विनंती केली, की फोन आणि टॅब्लेटवर चित्रण करू नका, मला तुम्हाला भेटायचं आहे. लोकांनी ती बऱ्याच अंशी पाळली. पुढे त्या कार्यक्रमाचा ध्वनिमुद्रित अल्बम निघाला, पण त्यांनी चित्रफीत बाजारात आणली नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनीच पाहिलं. ३५ वर्षं वाट पाहणाऱ्यांना त्यांच्या तरुणपणाचं गाणं न देणं हे धाडसच होतं, आणि ते योग्य होतं. एकोणिसाव्या वर्षीचा तो उंच, पातळ आवाज छप्पन्नाव्या वर्षी नुसता उसना आणता आला असता.

लेनर्ड कोहेन यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि तिचा एक पदर मुंबईतून जातो.

मॉन्ट्रियलला १९३४ मध्ये जन्मलेले कोहेन आधी कवी, मग कादंबरीकार आणि तिशी उलटल्यावर गायक झाले. १९६७ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा त्यांचा आवाज बराच वरचा होता, किंचित नाकातून येणारा. पुढे सिगरेटींनी आणि वयाने तो असा खाली उतरला, की ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला त्या आवाजात विहिरीचा घुमार आला होता. १९९३ मध्ये एक दौरा संपवून त्यांनी गाशा गुंडाळला आणि लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी डोंगरावर, आपले जपानी गुरू सासाकी रोशी यांच्या झेन मठात जाऊन राहिले. पहाटे तीनच्या सुमाराला उठायचं, ध्यानाला बसायचं, गुरूंसाठी स्वयंपाक करायचा. १९९६ मध्ये त्यांनी भिक्खूची दीक्षा घेतली. पण तरुणपणापासून पाठीशी लागलेलं नैराश्य डोंगरावरही हटलं नाही.

१९९९ मध्ये ते डोंगर उतरले आणि थोड्याच दिवसांत मुंबईला आले. पेडर रोडच्या परिसरात रमेश बाळसेकर यांच्या घरी रोज सकाळी मंडळी जमत. बाळसेकर बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले. खेतवाडीतल्या माळ्यावर बसून मराठीत अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज यांचे ते शिष्य आणि त्यांच्या बोलण्याचे इंग्रजी अनुवादक. बिडीच्या दुकानावर प्रपंच चालवलेल्या एका मराठी साधकाचे विचार असे बाळसेकरांच्या मुखातून कॅनडाच्या गायकापर्यंत पोचले. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात महिनोनमहिने राहिले, रोज चालत जाऊन बाळसेकरांसमोर बसले आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा येत राहिले. याच काळात आपलं जुनं नैराश्य विरून गेलं, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. बाळसेकरांमुळेच गेलं असा दावा त्यांनी केला नाही, इथेही तो करण्याचं कारण नाही. एवढं खरं, की मुंबईतून परतलेला माणूस मंचावर जायला आधीपेक्षा मोकळा होता.

तरी मंच त्याने आपणहून मागितला नव्हता. २००४-०५ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की निवृत्तीसाठी साठवलेली जवळजवळ सगळी पुंजी ज्यांच्या हाती विश्वासाने सोपवली होती, तिथे ती उरलीच नाही. न्यायालयाने २००६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण गेलेले पैसे परत आले नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसापुढे कमाईचा एकच रस्ता उरला. दौरा.

कित्येक आठवडे तालमी झाल्या. आणि ११ मे २००८ रोजी, कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन या लहान शहरात, सुमारे सातशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात ७३ वर्षांचे कोहेन पंधरा वर्षांनी पुन्हा उभे राहिले. सुरुवात मुद्दाम लहान गावांतून केली होती. गडद सूट, डोक्यावर फेडोरा हॅट. गाताना ते गुडघ्यांवर बसत. स्पेनचा हाविएर मास तंतुवाद्यावर एखादी जागा घेई तेव्हा कोहेन हॅट काढून छातीशी धरत आणि त्याच्यासमोर मान झुकवून ऐकत राहत. आपल्याकडे साथीदाराला दाद देताना ख्यालगायक असाच वळतो. पण पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या मंचावर मुख्य गायकाने साथीदारापुढे इतकं विनम्र होणं विरळाच.

त्यांची रेकॉर्ड मधल्या काळात त्यांच्याच हातात राहिली नव्हती, हा या गोष्टीतला सर्वांत विलक्षण भाग. 'हालेलुया' हे त्यांचं गाणं १९८४ च्या अल्बममधलं. तो अल्बम त्यांच्या अमेरिकन कंपनीने अमेरिकेत काढायलाही नकार दिला होता. पुढे जॉन केल यांनी गाण्याचे शब्द मागितले तेव्हा कोहेन यांनी फॅक्सने १५ पानं भरून कडवी पाठवली. केल यांनी त्यांतली हवी ती निवडून १९९१ मध्ये गाणं नव्याने गायलं. ते ऐकून जेफ बकली या तरुणाने १९९४ मध्ये ते आपल्या हळव्या, उंच आवाजात गायलं. २००१ मध्ये केल यांचा आवाज 'श्रेक' या कार्टूनपटात आला आणि गाणं लहान मुलांच्या कानांपर्यंत गेलं. डिसेंबर २००८ मध्ये, कोहेन यांचा दौरा चालू असतानाच, ब्रिटनच्या यादीत टीव्हीवरच्या गानस्पर्धेतल्या विजेतीचं 'हालेलुया' पहिल्या क्रमांकावर होतं, बकलीचं दुसऱ्या. खुद्द कोहेन यांचं ३६ व्या.

म्हणजे २००८ च्या प्रेक्षागृहात दोन प्रकारची माणसं शेजारी शेजारी बसलेली होती. एकाने गाणं मूळ आवाजात ऐकून पंधरा वर्षं जपलेलं. दुसऱ्याला ते बकलीचं वाटत होतं, आणि ज्याने लिहिलं त्याला तो आज प्रथमच पाहत होता. समोरचा गायक दोघांच्याही रेकॉर्डसारखं गात नव्हता. आवाज आणखी खोल गेलेला, लय संथ, शब्द जवळजवळ बोललेले. आजीने गायलेली ओवी लेकीच्या, नातीच्या तोंडून फिरत फिरत आजीकडे परत यावी आणि आजीने ती पुन्हा म्हणून दाखवावी, तसं ते होतं.

कार्यक्रम तीन-तीन तास चालत. सप्टेंबर २००९ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला कोहेन गाता गाता मंचावर कोसळले, आणि तीनच दिवसांनी, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, बार्सिलोनात पुन्हा गायले. पैशाची गरज भागल्यावरही ते थांबले नाहीत. शेवटची मैफल झाली २१ डिसेंबर २०१३ रोजी, न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते.

मराठी रसिकाच्या मनात एवढं वाचेपर्यंत एक नाव केव्हाच येऊन बसलं असेल. देवास.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकळी 'कुमार गंधर्व' झाला तोच मुळी तबकडीमुळे. अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ यांच्यासारख्यांच्या रेकॉर्ड ऐकून हे मूल ती गायकी हरकतींसकट जशीच्या तशी गाऊन दाखवी आणि जाणकार थक्क होत. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीनसव्वातीन मिनिटांचं गाणं मावे. तेवढ्यात बंद झालेली आख्खी गायकी या मुलाच्या गळ्यातून सहीसही बाहेर पडे. पुढे मुंबईत प्रो. बी. आर. देवधर यांच्याकडे रीतसर शिक्षण झालं, मैफली गाजू लागल्या. आणि १९४७-४८ च्या सुमारास क्षयाने गाठलं. कोरडी हवा मानवेल म्हणून जानेवारी १९४८ मध्ये ते पत्नी भानुमतीबाईंसह माळव्यात देवासला आले. डॉक्टरांनी गाणं पूर्ण बंद केलं.

क्षयावर तोपर्यंत खात्रीचं औषध नव्हतं. १९४३ मध्ये अमेरिकेत शोधलेलं स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध त्यांना मिळालं आणि ते वाचले, पण एक फुप्फुस जायबंदी झालं. पाच-सहा वर्षं गळा मिटलेला आणि कान उघडे. अंथरुणावरून त्यांना माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकू येत, नाथपंथी जोगी रस्त्याने गात जात. त्या धुनांत रागांची बीजं आहेत, हे त्यांनी तिथे पडल्या पडल्या ओळखलं. पुढचे 'धुनउगम राग' त्यातूनच उगवले. मालवती, सहेली तोडी, लगनगांधार ही त्यांतली नावं.

१९५३ मध्ये ते पुन्हा गायला बसले. ज्यांनी पूर्वीचा कुमार ऐकला होता त्यांना हा आवाज नवा होता. लांब ताना, एका दमात जाणारे पल्ले यांच्या जागी छोटे, टोकदार स्वरपुंज आले. मधे शांतता आली. एखादा स्वर हवेत अचानक उजळून विझावा तसं गाणं. फुप्फुस एकच उरल्यामुळे हे झालं, असं अनेक जण सांगतात. ही शैली त्यांच्या विचारातून आली, दुखणं फक्त निमित्त, असं म्हणणारेही आहेत. दुसरं म्हणणं जास्त पटतं. दम कमी पडतो तेव्हा गायक सहसा गाणं आवरतं घेतो. कुमारजींनी ते उलगडलं. आणि हेही विसरू नये, की लहानपणी इतरांच्या तबकड्या सहीसही गाणारा हाच मुलगा पाच-सहा वर्षांच्या मौनानंतर असं काही गायला, की जे तोवर कुठल्याच तबकडीत नव्हतं. काही जुने चाहते दुखावले, वाद झाले. पण त्या मैफलींतून एक नवा श्रोतृवर्गही घडला. त्यांच्या बंदिशींचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ आला १९६५ मध्ये. न्यूयॉर्कला ती रांग लागली त्याच वर्षी.

होरोविट्झ त्यानंतरही दोनदा मंचापासून दूर गेले आणि दोनदा परतले. २० एप्रिल १९८६ रोजी, ८२ वर्षांचे असताना, मायदेश सोडल्यानंतर ६१ वर्षांनी ते मॉस्कोत वाजवायला बसले. न्यूयॉर्कमधला स्वतःचा पियानो त्यांनी बरोबर नेला होता. सर्वसामान्यांच्या वाट्याला तिकिटं फार थोडी आली, तेव्हा संगीताचे विद्यार्थी रखवालदारांना चुकवून सज्ज्यात घुसले. शूमानची बालपणावरची एक छोटी, संथ रचना चालू असताना कॅमेऱ्याने प्रेक्षकांत बसलेला एक माणूस टिपला. डोळे मिटलेले, गालावरून अश्रू ओघळत होता, आणि तो पुसायला त्याने हात उचलला नाही.

१९६५ च्या त्या कार्नेगी हॉलच्या मैफलीची तबकडी लगेचच निघाली होती. ऐतिहासिक पुनरागमन म्हणून तिचा गाजावाजा झाला, तिला ग्रॅमी मिळालं, जगभर ती घरोघरी पोचली. पण त्या तबकडीत चुका नव्हत्या. मैफलीनंतर काही जागा पुन्हा वाजवून, मूळ मुद्रणात जोडून साफ केल्या होत्या. ज्यांनी मैफल प्रत्यक्ष ऐकली त्यांच्या कानांत एक होरोविट्झ होता आणि ज्यांनी घरी ऐकली त्यांच्या कानांत दुसरा. होरोविट्झ १९८९ मध्ये गेले. २००३ मध्ये मूळ फिती जशाच्या तशा, काही न कापता, न जोडता प्रसिद्ध करण्यात आल्या. विशीत ज्यांनी ५७ व्या रस्त्यावर रात्र काढली होती, ते तोवर साठीच्या घरात आले होते. आता त्यांना घरी बसून ते सगळं पुन्हा ऐकता येत होतं. आधी टाळ्या, मग खोकल्याचे एक-दोन आवाज, मग बाखचा दणदणीत आरंभ, आणि त्यात तो चुकलेला स्वर, ३८ वर्षांनी आपल्या जागेवर परत आलेला.